आतोबांची झोप

आतोबा सभेत झोपले, यात आतोबांचा तसा काही दोष नव्हता. दोष द्यायचाच असेल तर पिठाला द्या. सगळं गाव गाढ झोपलेलं असतं तेव्हा बेकरीवाल्याचं पीठ फुगत असतं, आणि पीठ काही कुणाची सोय बघून फुगत नाही. त्यामुळे आतोबांचं घड्याळ चारचौघांच्या उलट चालायचं. लोक संध्याकाळचा चहा घेत तेव्हा यांचं जेवण उरकलेलं असे, आणि रस्त्यावरचे दिवे लागले की यांचे मालवत. जन्मात त्यांनी एक नाटक शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं. एवढंच काय, स्वतःच्या लग्नाच्या रिसेप्शनमध्ये ते पाहुण्यांशी हात मिळवता मिळवता पेंगले होते. त्याचा फोटो अजून घरात आहे आणि बायको तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते.

आता अशा माणसाला संध्याकाळच्या सभेत, तेही स्टेजवर, तेही गादीच्या खुर्चीत बसवायचं! मांजराला दुधाच्या राखणीला ठेवायचं आणि मग मिशा पांढऱ्या का म्हणून विचारायचं, त्यातला प्रकार. पण बसले बिचारे. सभा बायकोची होती ना.

बायको बेकरीच्या काउंटरवर असायची. आलेला माणूस पाव घेऊन जातो आणि तक्रार ठेवून जातो, अशी त्या काउंटरची रीतच पडली होती. कुणाच्या गल्लीत दिवा नाही, कुणाच्या नळाला पाणी नाही. ती ऐकायची, आणि ऐकून सोडून द्यायची नाही. दुपारी नवरा डुलकी काढत असताना छत्री उचलून थेट नगरपालिकेत जाऊन बसायची. तिथले कारकून तिला पाहिलं की जेवायला उठत. यंदा कोपऱ्यावरचा छोटा सरकारी दवाखाना उचलून हायवेच्या पलीकडे न्यायचा घाट घातला गेला. इथे म्हणे गाड्या लावायला जागा करणार. "तिकडची इमारत नवी कोरी आहे हो," साहेब समजुतीने म्हणाले. "इमारत नवी आहे, गुडघे जुनेच आहेत," ती तिथल्या तिथे म्हणाली. ते वाक्य वॉर्डभर झालं, आणि लोकांनीच तिला निवडणुकीला उभं केलं.

समोर होता जिमवाला. तरुण, देखणा, दंड असे की शर्टाच्या बाह्यांची दया यावी. त्याचा सगळा प्रचार फोनमध्ये. वर ड्रोन फिरतोय, खाली हा धावतोय, मागे धडाड् धडाड् संगीत. वॉर्डासाठी तो काय करणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं, पण व्हिडिओ मात्र प्रत्येकाने पाहिलेला.

"आत्या, तूही फोनमध्ये आल्याशिवाय काही खरं नाही," असं म्हणत बायकोच्या भावाची मुलगी बॅग घेऊन दाखल झाली. ही एका कंपनीत साबणाच्या जाहिराती करायची. बोलायची इतकी भरभर की लहानपणापासून सगळे तिला चिमणीच म्हणत. तिने रजा काढली, बेकरीमागच्या पिठाच्या खोलीत प्रचाराचं ऑफिस थाटलं आणि पोत्यावर लॅपटॉप ठेवला. ती आत्या, आतोबा म्हणे, म्हणून ऑफिसातले सगळेच म्हणू लागले, आणि बघता बघता वॉर्डच म्हणू लागला. आतोबांचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर तेवढं उरलं.

तर पहिली सभा. शाळेचं पटांगण, बऱ्यापैकी रिकामं. आत्या दवाखान्याबद्दल बोलायला उभी राहिली. मागे एका खुर्चीत सभेचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर, आणि त्यांच्या शेजारी आतोबा. आतोबांनी ठरवलं होतं, डोळे ताणून बसायचं. मांडीला चिमटे काढले, जीभ चावली, समोरच्या विजेच्या खांबावरचे कावळे मोजले. मग कावळे पुसट झाले. मान आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि मग पोस्टमास्तरांच्या खांद्यावर.

एवढ्यावर भागलं असतं तर आपण ही गोष्ट सांगत बसलो नसतो. पण माणूस झोपला तरी हात थोडेच झोपतात? आतोबांच्या हाताला काहीतरी मऊ, गोल लागलं. तो पोस्टमास्तरांचा गुडघा होता. आतोबांनी तो झोपेतच, शास्त्रशुद्ध, मळायला घेतला. तळव्याने पुढे दाबायचं, बोटांनी मागे ओढायचं, जरासा फिरवायचा, पुन्हा दाबायचं. पोस्टमास्तर सभ्य गृहस्थ. अध्यक्षाने सभेत ओरडू नये म्हणून ते डोळे विस्फारून बसून राहिले. आत्याची त्या बाजूला पाठ. ती बोलत होती, आणि समोरचे लोक का हसतायत हे तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव घ्यायला आलेला रिक्षावाला काउंटरला धरून हसायला लागला. "आतोबा, तुम्ही तर जगप्रसिद्ध झालात की!" म्हणत त्याने फोन पुढे केला. जिमवाल्याच्या पोरांनी त्या सगळ्या प्रकाराचा व्हिडिओ काढून फोनवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'घरचेच झोपतात, आपण कशाला ऐकायचं?'

इतक्या वर्षांत बायकोने आतोबांकडे काही मागितलं नव्हतं. एकदाच म्हणाली होती, "अहो, नुसतं मागे बसा. मला धीर येईल." आणि यांनी हे दिवे लावले. ते कणकेच्या हातांनीच काउंटरपाशी गेले.

"अगं, माझं चुकलं."

"पावाचे ट्रे बाहेर काढा आधी," आत्या त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "करपतायत."

दिवसभर ती बोलली नाही. आतोबांना ती भांडली असती तर चाललं असतं. भांडण निदान संपतं तरी.

पण संध्याकाळी चिमणी पिठाच्या खोलीतून किंचाळतच बाहेर आली. लोक हसत होते खरे, पण वाईट हसत नव्हते. कमेंटमध्ये कुणी लिहिलं होतं, 'माझे बाबा डिट्टो!' कुणी लिहिलं होतं, 'कष्टाचे हात आहेत, झोपेतही थांबत नाहीत.' एका बाईने लिहिलं होतं, 'माझ्या नवऱ्याला यांच्याकडे शिकायला पाठवायचं आहे, पत्ता द्या.' चिमणीने चुटकी वाजवली. जाहिरातवाल्यांचं डोकं ते. दुसरा खड्डा खणतो तिथे हे आंबे लावतात. रातोरात पोस्टर आलं. आतोबांचा झोपलेला चेहरा, शेजारी आत्याचा टक्क जागा चेहरा, आणि वर ठळक अक्षरांत: 'आतोबा निवांत झोपतात, कारण आत्या जागी आहे!'

झालं! वॉर्डात दुसरा विषय उरला नाही. 'आत्या जागी आहे' रिक्षांच्या मागे चढलं, टी-शर्टवर चढलं. जिमवाल्याच्या ड्रोनकडे कुणी मान वर करून बघेना. पटांगण भरू लागलं, मग पुरेनासं झालं. परगावची माणसं फोन करून विचारू लागली, आतोबांना मत कुठे द्यायचं म्हणून.

"बघ, आत्या," चिमणी म्हणाली, "आधी लोक येऊ देत. आले की ऐकतीलच."

आत्याचा चेहरा खुलला. "आले तर ऐकतील," ती म्हणाली, आणि त्या रात्री आतोबांच्या ताटात स्वतः वाढलं. आतोबांच्या जिवात जीव आला.

फक्त एक भानगड झाली. आतोबांची झोप उडाली.

म्हणजे बघा, नको होती तेव्हा गुडघे मळेपर्यंत लागली, आणि आता अख्खं गाव झोपा म्हणतंय तर डोळ्याला डोळा लागेना. स्टेजवर बसलं की समोर शेकडो फोन उभे. तोंड किती उघडं ठेवायचं? घोरायचं की नाही? चिमणीने घरी तालीम घेतली. "नॅचरल, आतोबा, नॅचरल! तुम्ही फारच झोपल्यासारखं करताय!" आता झोपल्यासारखं न करता झोपायचं कसं, हे त्या माउलीला कोण विचारणार? पोस्टमास्तरांनी गुडघा द्यायला साफ नकार दिला. खरं तर त्या दिवसानंतर त्यांचा गुडघा बरा होता, पण तत्त्व म्हणून नकार दिला. मग चिमणीने आतोबांच्या मांडीवर एक छोटी उशी ठेवली. गर्दी ओरडायची, "आतोबा, मळा!" की आतोबांनी डोळे मिटून उशी मळायची. शिट्ट्या, टाळ्या, हशा.

"झोपलेल्याला जागं करता येतं," पोस्टमास्तर शेजारून पुटपुटायचे, "झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही." आतोबा डोळे मिटूनच, "गप्प बसा हो," म्हणायचे.

घरीही अंथरुणात पडले की हाच विचार. आपलं तोंड बरोबर उघडलं होतं ना? परिणाम व्हायचा तो झाला. एके दिवशी भलत्याच वेळी डोळा लागला, पीठ ताटकळत राहिलं, अति फुगलं आणि भट्टीत जाऊन बसलं. गिऱ्हाइकांनी मात्र ते चपटे पावही हौसेने नेले, पावासोबत आतोबांचे फोटो काढून. आतोबांना एवढा राग कधी आला नव्हता. वाईट पावाचं कौतुक! पण राग गिळला. रात्र थोडी आणि सोंगं फार. निवडणूक व्हायची होती.

या सोंगाचा एक भलताच परिणाम झाला, जो कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. डोळे मिटलेले आणि माणूस टक्क जागा. म्हणजे काय होणार? आतोबांना आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं बोलणं सुरुवातीपासून ऐकू येऊ लागलं.

आणि ती काय बोलायची! कागद नाही, चिठ्ठी नाही. दवाखान्यात मंगळवारी कोण कोण येतं, कुणाची मलमपट्टी, कुणाचं बीपी, कुणाचं तान्हं बाळ, सगळं तोंडपाठ. आतोबांना मिटल्या डोळ्यांआड अभिमान वाटायचा आणि उशी मळायचे ते जरा जोरातच मळायचे. अशाच एका सभेत ती म्हणाली, "साहेब म्हणतात, हायवे ओलांडायला सिग्नल आहे. म्हणून मी बघायला गेले. आपले पोस्टमास्तर गुडघा दाखवायला दवाखान्यात येतात, त्यांना सोबत घेऊन गेले. हिरवा दिवा लागला, आम्ही निघालो. अर्ध्यात पोचेपर्यंत लाल झाला. मधल्या कठड्यावर आम्ही दोघं उभे. पुढून ट्रक, मागून ट्रक. पोस्टमास्तरांनी माझा हात धरला होता, आणि तो हात..."

नेमक्या त्याच वेळी मागून कुणीतरी ओरडलं, "आतोबा, मळा!" आणि आतोबांच्या हातांनी, सवयीने, उशी मळली.

पटांगण खदखदून हसलं. आत्या थांबली. मागे वळून तिने एकदाच पाहिलं. आतोबांचे डोळे मिटलेले होते, तरी ती बघतेय हे त्यांना कळलं. संसारात तेवढं कळतं. मग ती माइककडे वळली, पण ते वाक्य काही तिने पुरं केलं नाही. "धन्यवाद," म्हणाली आणि बसली. टाळ्या मात्र अशा की आकाश फाटावं.

घरी आल्यावर आतोबा दाराशीच घुटमळले. आत्या खुर्चीत बसून चपलांचे बंद सोडत होती.

"त्या कठड्यावर तू खरंच गेली होतीस?"

"मग काय खोटं सांगतेय?"

"मला नाही सांगितलंस."

"सांगितलं की. त्याच दुपारी. तुम्ही 'हं' म्हणालात." ती जराशी हसली. "झोपेत."

आतोबा तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

"अहो, तुमच्यावर राग नाही माझा," आत्या म्हणाली. "मत द्या, नका देऊ. पण एकदा, एकच वेळ, कुणीतरी वाक्य पुरं होऊ द्यावं, एवढंच वाटतं. आधी रिकाम्या खुर्च्यांशी बोलत होते, ते परवडलं. खुर्च्या निदान हसत तरी नव्हत्या."

चिमणी दाराआडून ऐकत होती. तीही काही बोलली नाही, म्हणजे प्रसंग खरोखर गंभीर होता.

शेवटच्या सभेला गर्दी इतकी की शाळेच्या कुंपणावरसुद्धा माणसं. चिमणीची धावपळ चाललेली. लाइव्ह जाणार होतं सगळं. तिने आतोबांना खुर्चीत बसवलं, उशी दिली, आणि कानाशी म्हणाली, "आतोबा, आज परगावहून किती लोक बघतायत माहितीये? नुसते जागेवर बसा. बाकी सगळं जुळलंय. आज झोपलात की आपण निवडून आलो."

आत्या उभी राहिली. "मागच्या वेळी मी हायवेचं सांगत होते..."

"आतोबा, झोपा!" कुंपणावरून आवाज आला. "मळा! मळा!" सगळ्यांनी ताल धरला. फोन वर झाले, एकूण एक फोन आत्याला ओलांडून मागच्या खुर्चीवर रोखलेला.

आतोबांनी उशी उचलली. पोस्टमास्तरांच्या मांडीवर ठेवली. उठले. दोन्ही हातांनी आपली खुर्ची उचलली, स्टेजच्या पायऱ्या उतरले, आणि फोनही त्यांच्या मागोमाग खाली वळले. पहिल्या रांगेच्या पुढे, अगदी मधोमध त्यांनी खुर्ची ठेवली. गर्दीकडे पाठ आणि बायकोकडे तोंड करून बसले. हात मांडीवर, डोळे उघडे.

आता गंमत अशी की ज्याला आतोबा हवे होते त्याला फोन त्यांच्यावरच धरावा लागे. आणि फोनमध्ये दिसत होतं काय? खाली आतोबांचं टक्कल, आणि त्याच्यावर, नेमकी, बोलणारी आत्या.

"आतोबा, इकडे तोंड करा!" मागून हाक आली. चिमणी स्टेजच्या बाजूने हातवारे करून करून थकली.

आतोबांनी मान वळवली नाही. पण भट्टीपुढे ओरडून कमावलेला आवाज होता तो, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "माझी बायको बोलतेय. मला ऐकायचंय. तुम्हाला नसेल ऐकायचं तर जा की घरी!"

हशा झाला. मग तो विरला. थोडे लोक खरंच निघून गेले, परगावचे पाहुणे बहुतेक. उरलेले चुळबुळले, आणि हळूहळू गप्प झाले. आत्याने नवऱ्याकडे पाहिलं. घसा साफ केला.

"तर पोस्टमास्तरांनी माझा हात धरला होता," ती म्हणाली, "आणि तो हात थरथरत होता. मोठा माणूस, पण लहान मुलासारखा मला म्हणाला, बाई, मला सोडू नका हं. मी नाही सोडला. पण माझं काय, मी जाऊन जाऊन किती जणांचा हात धरणार आहे?"

स्टेजवर पोस्टमास्तर उशी पोटाशी धरून खाली बघत होते. पटांगणात कुणी हसलं नाही. आतोबांना त्या क्षणी रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. मागून कुणाला दिसणार होतं?

लाइव्हचा पार बोऱ्या वाजला. बघणारे निम्म्याने घटले, आणि कमेंट आल्या, 'बोअर', 'आतोबा बदलले'. चिमणीने ते सगळं वाचलं, लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला, आणि आत्याचं अख्खं भाषण, कात्री न लावता, वॉर्डाच्या लोकांसाठी टाकून दिलं. परगावच्या कुणी ते पाहिलं नाही. पण परगावचे मत थोडंच देणार होते?

निकाल लागला आणि आत्या पडली. थोडक्यात पडली, अगदी हातातोंडाशी येऊन पडली. जिमवाल्याची मिरवणूक बेकरीवरून गेली, ड्रोनसकट. शटर खाली ओढून आतोबा पिठाच्या पोत्यावर बसले.

"माझ्यामुळे झालं," ते म्हणाले. "त्या दिवशी मी मुकाट झोपलो असतो तर तू निवडून आली असतीस."

"झोपला असतात तर तुम्ही निवडून आला असतात," आत्या म्हणाली. "मी नाही." आणि त्यांच्या टकलावर एक टपली मारून ती आत गेली. टपली हलकी होती. आतोबा त्या रात्री, कितीतरी दिवसांनी, डोकं टेकताच झोपले.

चिमणी साबणाकडे परत गेली. टी-शर्ट भांडी पुसायला निघाले. पण एक गोष्ट मात्र थांबेना. पाव घ्यायला आलेला प्रत्येक माणूस विचारू लागला, "आत्या, दवाखान्याचं काय झालं?" आणि आत्या प्रत्येकाला तेच सांगायची, "मला काय विचारता? निवडून आलाय त्याला विचारा." लोकांनी विचारलं. जिममध्ये जाऊन विचारलं, रस्त्यात गाठून विचारलं, त्याने व्यायामाचा व्हिडिओ टाकला तर त्याच्याखाली विचारलं, 'दंड छान. दवाखान्याचं काय?'

एका संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या बेताला, जिमवाला एकटाच आला. ना ड्रोन, ना पोरं. लहानपणी याच काउंटरला टाचा उंचावून बन घ्यायचा. आता पाव खाल्ला की वजन वाढतं म्हणून इकडे फिरकत नव्हता.

"काकू," तो खाली बघत म्हणाला, "नगरपालिकेच्या बैठकीत दवाखान्याचा विषय आलाय. मला त्यातलं... म्हणजे भाषण ऐकलं मी तुमचं, पण... पहिल्यापासून सांगाल का?"

टोमणे आत्याच्या जिभेवर रांग लावून उभे असतील, पण तिने एकही सोडला नाही.

"बस," ती म्हणाली.

बाकावर आतोबा बसले होते, जेवण झालेलं, बाहेर दिवे लागत आलेले. जिमवाला त्यांच्या शेजारी टेकला. आत्याने स्टूल ओढलं आणि सुरुवात केली. मंगळवारचे पेशंट झाले, तान्ही बाळं झाली, हायवेचा सिग्नल आला. जिमवाला ऐकत होता. आणि आतोबांची मान आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, आणि मग त्याच्या रुंद खांद्यावर जाऊन टेकली.

मग हात निघाले. त्यांना मऊ काही सापडलं नाही, पण गोल सापडलं. वॉर्डातला सगळ्यात नावाजलेला दंड आतोबांनी दोन्ही हातांत घेतला आणि तळव्याने दाबून, बोटांनी ओढून, मन लावून मळायला लागले.

जिमवाल्याचा दुसरा हात आपोआप फोनकडे गेला.

आत्या बोलायची थांबली. नुसती त्या हाताकडे बघत राहिली. हात खिशापाशी घुटमळला, आणि गुपचूप मांडीवर परत आला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "दमलेत ते. जाग येईल त्यांना."

"नाही हलत," जिमवाला कुजबुजला. "काकू, पण अजून किती आहे?"

"बरंच आहे," म्हणत आत्याने स्टूल जरा जवळ घेतलं, आवाज थोडा खाली आणला, आणि कठड्यावरच्या पोस्टमास्तरांपासून पुढे सांगायला लागली.